मंडुराची साक्ष

जंगलातल्या पायवाटेवर कधीकधी एखादा काळा, ओबडधोबड तुकडा पायाला लागतो. दिसायला दगडच. उचलला की पहिली शंका येते ती वजनाची. एवढ्याशा दगडाला एवढा भार कसा? उलटून पाहिला तर एका अंगाला काकवी थिजावी तशा वळ्या असतात आणि दुसऱ्या अंगाला बुडबुड्यांची बारीक भोकं. फुटलेल्या कडेवर काचेसारखी चकाकी असते. एखाद्या भोकात नखाने टोकरलं तर कोळशाचा कण निघतो. हा दगड मुळी दगडच नसतो. लोखंड गाळताना भट्टीतून वाहत बाहेर आलेला आणि जागीच गार झालेला तो मळ असतो.

आपल्या भाषेत त्याला जुना शब्द आहे, मंडूर. आयुर्वेदात पांडुरोगावर मंडूर भस्म देतात आणि जुन्या वैद्यकाने मंडुराची प्रत त्याच्या वयावर ठरवली आहे: शंभर वर्षांचा उत्तम, ऐंशी वर्षांचा मध्यम, साठ वर्षांचा हलका. म्हणजे उत्तम औषध करायचं तर तीन-चार पिढ्यांपूर्वी विझलेली भट्टी कुठे होती हे वैद्याला ठाऊक असायला हवं. पुरातत्त्वाची पदवी कुठे मिळत नव्हती तेव्हाही या देशात लोखंडाच्या जुन्या जागा ओळखणारी आणि त्यांच्या वयाचा अंदाज बांधणारी नजर होती, असा याचा अर्थ होतो.

या प्रकरणात आपण त्याच नजरेने एका रहस्याचा माग काढणार आहोत. रहस्य आहे चांदा मुलखातलं, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतलं. घटनास्थळांतलं शेवटचं ठिकाण आहे सूरजागड.

कादंबरीतला गुप्तहेर आणि खड्ड्यातला गुप्तहेर

रहस्यकथा आणि पुरातत्त्व यांचं नातं जुनं आहे. अगाथा ख्रिस्ती १९३० साली इराकमधल्या उर या प्राचीन शहराचं उत्खनन पाहायला गेल्या. तिथे त्यांना मॅक्स मॅलोवन हे तरुण पुरातत्त्वज्ञ भेटले आणि त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. पुढे कित्येक मोसम त्या नवऱ्याबरोबर उत्खननाच्या छावणीत राहिल्या. ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ ही १९३६ ची कादंबरी अशाच एका छावणीत घडते. निमरुदला सापडलेले हस्तिदंताचे तुकडे त्या विणकामाच्या सुईने आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमने साफ करत. नक्षीच्या फटीत अडकलेली माती निघावी, पण हस्तिदंताला ओरखडा येऊ नये, यासाठीची ही युक्ती होती. एलिझाबेथ पीटर्स या नावाने लिहिणाऱ्या बार्बरा मर्ट्झ यांनी तर १९५२ साली शिकागोत इजिप्तविद्येची डॉक्टरेट मिळवली होती. १९७५ पासून त्यांनी अमेलिया पीबडी या एकोणिसाव्या शतकातल्या पुरातत्त्वज्ञ स्त्रीला नायिका करून एकामागून एक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या.

मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून झुंजार, धनंजय, काळा पहाड घराघरांत पोचवले. त्या वाचून वाढलेल्या पिढीला तपासाचे नियम पाठ होते. घटनास्थळावर कोणी पाऊल ठेवू नये. जी वस्तू बिनमहत्त्वाची वाटते तिच्याकडे आधी पाहावं. आणि कोणाची साक्ष खरी मानण्याआधी ती दुसऱ्या साक्षीशी ताडून घ्यावी.

पुरातत्त्वज्ञ हेच नियम पाळतो. त्याच्या प्रकरणातले साक्षीदार मात्र अडीच हजार वर्षांपूर्वी गेलेले असतात. जबाब घ्यायचा तो मातीचा, राखेचा, हाडांचा आणि मंडुराचा.

पहिला धागा: दगडांची वर्तुळं

तपास सुरू होतो नागपूरच्या आसपास. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, रायपूर, भागीमोहारी या गावांच्या शिवारात मोठमोठ्या काळ्या दगडांची वर्तुळं आहेत. काही ठिकाणी ती दहावीस आहेत, काही ठिकाणी शंभरावर. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना वळसा घालून नांगर चालवत आले.

या वर्तुळांकडे जिज्ञासेने पाहणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत स्टीफन हिस्लॉप होते. स्कॉटलंडहून १८४५ साली नागपूरला आलेले हे मिशनरी मनाने भूवैज्ञानिक होते. त्यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या चालीरीती आणि कथा लिहून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळं पाहून ते बोरीकडे परतत होते. अंधार पडला होता, ओढ्याला पूर आला होता. घोड्यावरून तो ओलांडताना ते वाहून गेले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजच्या नावात ते आज उरले आहेत. त्यानंतर रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळं उकरली आणि १८७९ साली त्यांवर लेख लिहिला.

शास्त्रशुद्ध तपासाला पुढे जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी जुनापाणीला खोदकाम केलं. १९६८ नंतर शांताराम भालचंद्र देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथली वर्तुळं उघडली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे र. कु. मोहंती पुन्हा माहुरझरीला गेले.

वर्तुळांच्या आत थडगी निघाली. मेलेल्या माणसाबरोबर त्याच्या वस्तू ठेवल्या होत्या: काळी-तांबडी मडकी, अकीकाचे मणी, तांब्याची भांडी आणि लोखंड, भरपूर लोखंड. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, भाल्याची पाती, घोड्याचे लगाम. काही ठिकाणी माणसाबरोबर घोडाही पुरला होता आणि त्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. कुऱ्हाडींची एक खास घडण विदर्भातच दिसते: पातं दांड्याला घट्ट बसावं म्हणून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. ज्या लोहाराने ही पट्टी आवळली त्याला लाकडाला घाव घालताना पातं कुठे सैल होतं हे पक्कं माहीत होतं. जंगल तोडणाऱ्या माणसांसाठी बनवलेली ही वस्तू आहे.

माहुरझरीच्या एका छिन्नीचा छेद घेऊन डेक्कन कॉलेजशी संबंधित संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिची तपासणी केली. २०१० साली त्यांनी जाहीर केलं की ही छिन्नी पोलादाची आहे. म्हणजे लोखंडात कार्बन मुरवून त्याला धार टिकेल इतकं कठीण करण्याची विद्या या माणसांच्या हाती होती.

आता रहस्यकथेतला नेहमीचा प्रश्न उभा राहतो. हत्यार सापडलं, पण ते बनवलं कुठे? कोणी?

नायकुंडची भट्टी

उत्तराचा पहिला तुकडा पेंच नदीच्या काठी सापडला. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० दरम्यान उत्खनन केलं. तिथे थडग्यांबरोबर त्या माणसांची वस्तीही मिळाली आणि वस्तीच्या जवळ लोखंड गाळायची भट्टी मिळाली. तिचा काळ इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराचा.

भट्टी म्हटल्यावर डोळ्यांसमोर उंच धुराडं आणू नका. नायकुंडची भट्टी जमिनीवर बसून कवेत घेता येईल एवढी होती. आतला व्यास सुमारे ३० सेंटीमीटर. भिंतीला वळणदार विटा लावलेल्या. भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या होत्या आणि आसपास सुमारे ४० किलो मंडूर पडलेला होता.

ही भट्टी काम कशी करत असेल? आधी कोळसा पेटवायचा. मग कोळशाचा एक थर, कुटलेल्या धातुदगडाचा एक थर, असं भरत जायचं. दोन भाते आळीपाळीने दाबायचे, म्हणजे हवा क्षणभरही तुटत नाही. आत हवा मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे कोळसा पुरता न जळता कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. हा वायू धातुदगडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं.

या विद्येची खरी गोम इथे आहे. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. भात्याच्या भट्टीत तेवढी आच होत नाही, बाराशेच्या आसपास पोचते. त्या आचेला लोखंड वितळत नाही, पण दगडातली वाळू आणि इतर अशुद्धी थोड्या लोखंडाला घेऊन वितळतात आणि खाली वाहून जातात. तोच मंडूर. वर उरतो तो लोखंडाचा स्पंजासारखा गोळा. तो सांडशीने धरून लालभडक असतानाच ऐरणीवर ठेवायचा आणि घाव घालायचे. प्रत्येक घावाला ठिणग्यांबरोबर उरलेला मळ पिळून बाहेर पडतो. पहिले घाव हलक्या हाताने घालावे लागतात, नाहीतर गोळाच फुटतो. हे तोंडी सांगून येत नाही. बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षं बसूनच ते हातात उतरतं.

गोळा काढायला अशी भट्टी बहुधा फोडावी लागते. म्हणून हजारो भट्ट्या पेटल्या तरी ओळखता येईल अशी एखादीच उरते. नायकुंडचं मोल त्यासाठी आहे. आणि म्हणूनच भट्टी सापडली नाही तरी मंडूर सापडणं पुरेसं असतं. लोखंड माणसं घेऊन जातात, झिजवतात, पुन्हा तापवून दुसरं काही घडवतात, गंजू देतात. मंडूर मात्र कोणीच नेत नाही. तो टाकला तिथेच राहतो.

साक्षीदार तपासून घेताना

मंडुराच्या जबाबावर विश्वास ठेवायचा तर त्याचं वय कळायला हवं. त्यात अडकलेला कोळशाचा कण इथे कामी येतो. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन-१४ घेत असतं. ते तोडलं की घेणं थांबतं आणि असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला हे मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं.

पण हा साक्षीदार दोन ठिकाणी दगा देतो. सागाचं दीडदोनशे वर्षांचं झाड तोडून त्याच्या गाभ्याचा कोळसा केला असेल, तर तो गाभा भट्टीपेक्षा दीडदोनशे वर्षांनी जुना निघतो. झाडाच्या आतल्या कड्यांनी हवेशी देवघेव कधीच थांबवलेली असते. दुसरी अडचण मोठी आहे. हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळांत सारखा नव्हता. नेमका इसवी सनापूर्वी ८०० ते ४०० या चार शतकांत तो असा बदलत गेला की या काळातल्या कोणत्याही कोळशाचं मोजमाप जवळजवळ सारखंच येतं. जगभरचे पुरातत्त्वज्ञ या सपाट पट्ट्यावर अडखळतात आणि विदर्भातली शिलावर्तुळं बऱ्याच अंशी याच पट्ट्यात येतात.

चांगला तपासनीस अशा वेळी दुसरा साक्षीदार बोलावतो. भट्टीची भाजलेली माती हा तो साक्षीदार. मातीतले स्फटिक भोवतालच्या किरणोत्सारातून थोडी थोडी ऊर्जा साठवत असतात. भट्टी पेटली की ती सगळी निघून जाते आणि साठवण शून्यापासून पुन्हा सुरू होते. प्रयोगशाळेत तो तुकडा तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितका काळ मोठा. शिवाय भाजलेली माती गार होताना त्या दिवशीच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची खूण धरून ठेवते. या गुणामुळेच चुंबकमापक घेऊन शेतात फिरलं तर न खोदताही जुन्या भट्टीची जागा सापडू शकते.

आणि लोखंड कोणत्या डोंगराचं? तेही मंडूर सांगू शकतो. प्रत्येक खाणीच्या दगडात मँगनीज, टायटॅनियम, व्हॅनेडियम अशी मूलद्रव्यं आपापल्या प्रमाणात असतात. त्यातली काही मंडुरात उतरतात, आणि मंडुराचे सूक्ष्म कण कुऱ्हाडीच्या पोटातही शिल्लक राहतात. कुऱ्हाड, मंडूर आणि डोंगर या तिघांची जुळणी लावली की धागा पुरा होतो. पण त्यासाठी तिन्ही गोष्टी हाताशी असायला हव्यात.

नावांची साक्ष

वस्तूंप्रमाणे नावंही बोलतात. नागभीड तालुक्यातल्या देवटेक इथे एक मोठी शिळा होती. तिच्यावर दोन लेख कोरलेले आहेत आणि दोहोंत सुमारे सहाशे वर्षांचं अंतर आहे. पहिला प्राकृतात, ब्राह्मी लिपीतला, मौर्यकाळचा. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, अशी ती आज्ञा आहे. दुसरा संस्कृतात, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. झिजलेली अक्षरं उलगडून या दोन्ही लेखांचा अर्थ लावला तो नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी.

मिराशींचं काम हे तपासाचं उत्तम उदाहरण आहे. पहिल्या लेखात ‘चिकंबरी’ हे गाव येतं, दुसऱ्यात ‘चिक्कंबुरी’. त्यांनी नकाशा उघडला. देवटेकच्या शेजारीच चिकमारा नावाचं गाव आहे! राज्यं आली, गेली, लिपी बदलली, भाषा बदलली, पण गावाचं नाव थोडं झिजून जागेवरच राहिलं. शिळा मूळची तिथलीच, दुसरीकडून आणलेली नाही, हे त्यातून पक्कं झालं.

हाच कान लावून चांदा मुलखातली नावं ऐकली पाहिजेत. सिंदेवाहीजवळ लोहारा आहे आणि तिथे खरोखरच लोहखनिजाचा डोंगर आहे. गावाचं नाव ठेवणाऱ्यांना डोंगरात काय आहे हे भूवैज्ञानिकांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

अजब बंगल्यातला नकाशा

हा तपास एकदा फार मोठ्या माणसाने केला होता, वेगळ्या हेतूने. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात चालत होती. १८८२ मध्ये त्यांच्या हाती रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल पडला. विषय होता चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाच्या धंद्याचं भवितव्य. लोहाऱ्याचं लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा, दोन्ही एकाच जिल्ह्यात! टाटांनी नमुने तपासून घेतले. वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालणारा निघाला नाही आणि तेव्हाचे खाणनियमही आडवे आले.

नियम १८९९ मध्ये सैल झाले आणि टाटांनी तो नाद पुन्हा धरला. अमेरिकन भूवैज्ञानिक चार्ल्स वेल्ड आणि जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी चांद्याच्या जंगलात बैलगाडीने फिरले. साठे विखुरलेले निघाले. मोठ्या कारखान्याचं पोट भरेल इतके ते एका जागी नव्हते. मोहीम गुंडाळतो आहोत हे सरकारला कळवायला दोराबजी नागपूरला आले. ज्यांना भेटायचं ते अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढायला म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर भूवैज्ञानिक नकाशा होता आणि त्यात दुर्गजवळचा एक भाग गडद रंगात भरला होता. तिथलं लोहखनिज प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. ते होते दल्ली-राजहराचे डोंगर, पुढे भिलाईच्या कारखान्याला खनिज देणारे. टाटांचा कारखाना मात्र याच बोस यांनी दाखवलेल्या मयूरभंजच्या खनिजावर साकचीला, म्हणजे जमशेदपूरला, उभा राहिला आणि १९११ च्या डिसेंबरात तिथे पहिलं लोखंड निघालं.

दोराबजी ज्या संग्रहालयात शिरले ते नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सुरू झालं, हिस्लॉप बुडाले त्याच वर्षी. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. देवटेकची शिळाही तिथेच आहे. कोणीतरी फिरून, पाहून, लिहून ठेवलेली नोंद भिंतीवर टांगलेली असली, तर ती जवळजवळ वीस वर्षांनी दुसऱ्याच कोणाला वाट दाखवते. नोंदीचं महत्त्व पटवायला मला यापेक्षा चांगली गोष्ट माहीत नाही.

कारागिरी कशाने संपली?

लोखंड गाळण्याची ही विद्या एकोणिसाव्या शतकापर्यंत मध्य भारताच्या जंगलांत जिवंत होती. मग ती गेली कशी? हाच या रहस्यकथेतला मृत्यू आहे आणि संशयित एकापेक्षा जास्त आहेत.

पहिला रेल्वे. १८६७ साली ती नागपूरला पोचली आणि तिच्याबरोबर विलायतेचं स्वस्त लोखंड बाजारात आलं. दुसरा जंगलाचा कायदा. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली. एक किलो लोखंडासाठी कितीतरी किलो कोळसा लागतो आणि कोळशाला लाकूड लागतं. कुऱ्हाड चालवणं हाच गुन्हा झाल्यावर भट्टी पेटणार कशी? तिसरा कर. काही भागांत दर भट्टीमागे तो भरावा लागे.

शेजारच्या मंडला-बिलासपूर भागातल्या अगरिया समाजाचं हे दुःख व्हेरियर एल्विन यांनी १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं. अगरियांच्या देवांची नावंच भट्टीचं शास्त्र सांगतात: लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर. लोखंड, कोळसा आणि आग. गावातले शेतकरी म्हणत, की विलायती लोखंडापेक्षा अगरियांचं लोखंड मऊ, फाळ गावातच शेवटून घेता येतो. पण किंमत आणि कायदा यांच्यापुढे ही पसंती टिकली नाही.

कोणी एका माणसाने ही विद्या मारली नाही. तीन निर्णय तीन वेगळ्या कचेऱ्यांत झाले आणि तिन्ही निर्णय घेणाऱ्यांनी भट्टीजवळ बसलेल्या माणसाचा विचार केला नाही. रहस्यकथेच्या शेवटी एकच गुन्हेगार पकडला जातो आणि वाचक सुटकेचा श्वास सोडतो. इतिहासाच्या तपासात तशी सुटका मिळत नाही.

घटनास्थळ: सूरजागड

आता एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडकडे येऊ. या डोंगरात हेमॅटाइट आहे, लोखंडाचा उंची दगड. मातीच्या खरखरीत खापरीवर घासला तर रक्तासारखी लाल रेघ उठते. गेरूचा लाल रंगही याच खनिजाचा. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेले हे पट्टे आहेत.

माडिया गोंडांसाठी हा ठाकूरदेवाचा डोंगर आहे. दर वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला इथे यात्रा भरते. १८५८ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाके यांचं स्मरणही त्या वेळी केलं जातं. या भागातल्या गावांत मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करायची रीत अजून आहे. तेवढ्यावरून, नागपूरची शिलावर्तुळं रचणारे याच लोकांचे पूर्वज, असं म्हणता येत नाही. मधल्या अडीच हजार वर्षांचा पुरावा जोडल्याशिवाय कोणी तपासनीस ती उडी मारणार नाही. पण एखादा समाज दगड का उभा करतो, त्या दिवशी कोण काय आणतं, मृताला काय देतात, हे जिवंत माणसांकडून समजून घेतलं तर मुक्या दगडांना कोणते प्रश्न विचारायचे ते कळतं.

२००७ साली सूरजागडला ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मंजूर झाला. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झालं आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन खनिज काढायची पर्यावरणीय परवानगी मिळाली. रोजगार, देव, जंगल, पाणी यांवरचा इथला वाद मोठा आहे आणि तो तिथल्या ग्रामसभांच्या तोंडूनच ऐकायला हवा. मी इथे एकच गोष्ट मागतो आहे, आणि खाण हवी म्हणणाऱ्याने आणि नको म्हणणाऱ्याने दोघांनीही ती मागावी असं मला वाटतं. जिथे लोखंडाचा दगड आहे, तिथे यंत्र चढण्याआधी पुरातत्त्वज्ञ चढला पाहिजे. डोंगराच्या सोंडा, पायथ्याचे ओढे, जुन्या वस्तीच्या जागा पायी धुंडाळून मंडूर कुठे आहे, भाजलेली माती कुठे आहे, उभे दगड कुठे आहेत, याचा नकाशा झाला पाहिजे. संरक्षित स्मारकांची यादी पाहून हे काम होत नाही, कारण मंडुराचा ढिगारा अशा कोणत्याही यादीत नसतो.

हे न केल्याने काय जातं ते वर आलेलंच आहे. कुऱ्हाड, मंडूर आणि डोंगर अशी तिहेरी जुळणी हवी. कुऱ्हाडी संग्रहालयांत सुरक्षित आहेत. डोंगराचा दगड रोज ट्रकांनी जातो आहे, त्याचे नमुने ठेवणं अवघड नाही. पण मधला दुवा, मंडूर, रस्त्याच्या भरावात गेला की तो परत मिळत नाही. ढिगारा हलला की थर मोडतो, थर मोडला की वय जातं, वय गेलं की साक्ष जाते.

हे काम फक्त पुण्या-नागपूरच्या तज्ज्ञांनी करायचं नाही. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथली मुलं याच गावांतली आहेत, त्यांना इथल्या ओढ्यांची, टेकड्यांची, शेतांची नावं येतात, म्हाताऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येतं. मिराशींना चिकमारा नकाशात शोधावा लागला, या मुलांना असं नाव आजीच्या तोंडून कळू शकतं.

आणि तुम्ही या जंगलांतून कधी चालत असाल, पायाला तो काळा जड तुकडा लागला, तर पाहा. वजन घ्या, वळ्या पाहा, भोकात कोळसा आहे का ते पाहा. आसपास असे किती तुकडे आहेत ते मोजा. कोणत्या ओढ्याच्या कोणत्या काठावर आहात ते लिहून घ्या, फोटो काढा, जवळच्या गावात त्या जागेचं नाव विचारा, आणि ती माहिती पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाला कळवा.

मग तो तुकडा होता तसाच, होता तिथेच ठेवा.